सोडवायचा राहिलेला नियम

१३ जानेवारी १९७४, कारंजा

काल कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मला दुसऱ्या रांगेत बसवलं. पहिल्या रांगेत दौलतराव वकील. हाच दौलतराव तिसऱ्या वर्षाला माझ्या वह्या उतरवून पास झाला होता. असो.

प्राचार्य बोलले ते मात्र पटलं. विद्यापीठ दरवर्षी एवढे पदवीधर बाहेर काढतं आणि सगळेच्या सगळे एकाच कचेरीच्या दारात अर्ज घेऊन उभे राहतात, म्हणाले. त्यावर कस्तुरचंद शेठजी उठले. शेठजी कापसाच्या जिनिंगचे मालक, वय सत्तरीचं, पण आवाज खणखणीत. "आपल्या माजी विद्यार्थ्यांनी दरसाल एक पोरगा धंद्याले लावावा. हत्यारं देऊ, सल्ला देऊ, ओळखी देऊ. नोकरी मागनारा नाई, काम देनारा पोरगा पाह्यजे." टाळ्या पडल्या. तिथल्या तिथे विद्यार्थी उद्योग समिती झाली. शेठजी अध्यक्ष, दौलतराव सल्लागार, आणि मी, भागचंद, लोखंडी सामानाचा दुकानदार, बी.एस्सी., चिटणीस.

समितीचं इतिवृत्त मी वेगळं लिहीन, ते कोणीही वाचावं. ही वही माझी आहे. मनात येईल ते लिहायला माणसाला एक जागा असावी.

१९ जानेवारी

अकरा अर्ज आले. दहा जणांना टाइपरायटर पाहिजे. वा रे उद्योग.

अकरावा अर्ज मदनसिंग राठोडचा, बी.एस्सी. शेवटचं वर्ष, मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा. उंच, काटकुळा, पायजमा घोट्याच्या वर गेलेला. म्हणाला, "बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं गावोगाव बोअर खोदले, हातपंप बसवले. आता अर्धे बंद पडून राह्यले. तालुक्याले मेकॅनिक एकच, थो दोन-दोन महिने येत नाई. पंपात मोठं काई बिघडत नाई, भाऊसाहेब. पोटातला वायसर झिजते. थो बदलला का पंप चालू. मले पाने द्या, पाइप वर ओढाले तिवई आन पुली द्या. बाकी माह्यावर सोडा."

मी विचारलं, पैसे कोण देणार? तर म्हणाला, पैसे नाही घ्यायचे. सुताराला देतात तशी घरामागं पायलीभर ज्वारी, वर्षाची. वर्षभर पंप त्याच्या भरवशावर.

शेठजींना हे फार आवडलं. पाणी पाजण्यासारखं पुण्य नाही, असं ते नेहमी म्हणतात. त्यांची एस.टी. स्टँडजवळची पाणपोई आज बावीस वर्षं चालू आहे. दौलतरावाने करारनाम्याचा मसुदा करायचं कबूल केलं. हत्यारं माझ्या दुकानातून. उधारीवर नाही, देणगी.

२ फेब्रुवारी

मदनसिंगसोबत त्याच्या तांड्यावर गेलो. मानोऱ्यापर्यंत एस.टी., पुढे त्याच्या सायकलच्या दांडीवर. या वयात दांडीवर बसणं शोभत नाही, पण रस्त्याला ओळखीचं कोणी नव्हतं.

पहिला पंप त्याने आपल्याच तांड्याचा धरला. तिवई उभी केली, पुली लावली, दहा-दहा फुटांचे पाइप एकेक करून वर. बाप सोमला आणि चार जण दोर धरून. पोरगा तोंडाने हिशेब सांगावा तसा एकेक गोष्ट सांगत होता आणि म्हातारे ऐकत होते. दीड तासात पंपाला पाणी.

त्याची बहीण भागिरथा, सोळा-सतरा वर्षांची, पहिला तांब्या माझ्यासाठी घेऊन आली. मी म्हटलं, आम्ही जैन पाणी गाळल्याशिवाय पीत नाही. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि ओढणीचं स्वच्छ टोक दुहेरी करून त्यातून पाणी गाळून दिलं. मी तिला सांगितलं की कपड्यावर जे सूक्ष्म जीव राहतात ते मारायचे नसतात, कपडा थोड्या पाण्यात खंगाळून ते पाणी जिथून आणलं तिथेच हळूच सोडायचं असतं. ती हसायला लागली. "नळाच्या तोंडात कसं सोडू मंग? थ्या इहिरीत सोडू का? दोन सालापासून मी त्या इहिरीत उतरत होती, भाऊसाहेब. आता नाई उतरनार."

विहीर पाहिली. साठ हात खोल, पायऱ्या अर्ध्याच, पुढे नुसते दगड बाहेर काढलेले.

परत येताना मन प्रसन्न होतं. आपण काहीतरी केलं असं पुष्कळ वर्षांत वाटलं नव्हतं.

२० फेब्रुवारी

सोळा गावं झाली. कामरगावात तीन पंप. मदनसिंग सकाळी कॉलेज करतो, दुपारी सायकलवर हत्यारं बांधून निघतो. मी समितीची पाटी रंगवून घेतली आहे, दुरुस्त केलेल्या प्रत्येक पंपाला लावायची. वर समितीचं नाव, खाली अध्यक्षांचं, त्याखाली चिटणीसाचं. मदनसिंगचं नाव घालायला जागा उरली नाही.

रात्री वाढताना बायको, कंचनबाई, म्हणाली, "थ्या पोराले कधी जेवाले बसवलं का? दुपारी दुकानापुढून जाते तवा तोंड सुकलेलं असते त्याचं." बायकांना सगळीकडे जेवणच दिसतं.

२४ फेब्रुवारी

फार वाईट दिवस.

शेठजी दुकानात बसले होते. मदनसिंगचा तेलाचा डबा कोपऱ्यात होता, त्यात तो वायसर भिजत घालतो. शेठजींनी कुतूहलाने झाकण काढलं, एक बाहेर काढला, वास घेतला आणि डबा तसाच खाली ठेवला. "भागचंद, हे चामडं आहे."

मी आजवर ते रबर समजत होतो. खरंच समजत होतो. तेलात काळं पडलेलं, वाटीसारखं, मी कधी हात लावून पाहिलं नाही. मदनसिंगला बोलावलं तर म्हणाला, "हाव, चामड्याचेच येतात. अमरावतीहून आनतो. पंपात चामडंच लागते."

शेठजी ओरडले नाहीत. तेच जास्त लागलं. "पखालीचं पाणी आपल्या बापजाद्यांनी सोडलं," एवढंच म्हणाले. "आन आपल्या नावाच्या पाटीखाली लोक चामड्यातून आलेलं पाणी पिऊन राह्यले."

आणि मी स्वतः प्यालो. ओढणीतून गाळून प्यालो. उद्या उपवास करणार आहे.

२७ फेब्रुवारी

समितीची बैठक. नागपूरला आपले एक माजी विद्यार्थी मोठे इंजिनिअर आहेत. त्यांना मी विचारलं होतं, त्यांचं उत्तर आलं. चामडं ही जुनी पद्धत, रबराने काम उलट चांगलं होईल, असं त्यांनी दोन ओळींत कळवलं आहे. तज्ज्ञाचं मत आल्यावर प्रश्नच मिटला.

मदनसिंगचा मात्र नन्ना. "साहेबांनी पंप खोलून पाह्यला का कधी? ट्रकच्या ट्यूबचं रबर पान्यात फुगते. सिलिंडरले धरून बसते, मंग फाटते. चामडं वल्लं झालं का नरम राह्यते, झिजते पन धरत नाई." मी त्याला समजावलं की समितीचा आधार पाहिजे तर समितीच्या काही गोष्टी पाळाव्या लागतात. हत्यारं समितीची आहेत, हेही दौलतरावाने करारात दाखवलं. पोराने करारनामा स्वतः वाचून पाहिला. मग म्हणाला, "ठीक हाये."

आधी दुरुस्त केलेल्या पंपांतलं चामडंही काढून रबर घालायचं ठरलं. रबराचे गोल मी स्वतः कापायचं ठरवलं. तेवढीच सेवा.

३ मार्च

आज मंदिराच्या ओट्यावर शेठजींनी मदनसिंगला नियम दिला. आपल्यात कोणी जन्मभर कांदा सोडतो, कोणी चातुर्मासात एकवेळ जेवतो, तसाच हा. पंपाच्या कामात चामड्याला हात लावायचा नाही. नियम ज्यांनी दिला त्यांनीच सोडवायचा. हातात अक्षता दिल्या तेव्हा मदनसिंग म्हणाला, "तुमच्या नियमाचं मले लय समजत नाई. मी आमच्या देवाची, सेवाभायाची आन घेतो. बंजाऱ्यानं थे नाव घेतलं का विषय संपला." शेठजींचे डोळे भरून आले. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मनाने फार मोठा माणूस.

शिल्लक दहा वायसर मदनसिंगने कागदात बांधून माझ्या हाती दिले. फेकून देणार होतो, पण वस्तू फेकायची दुकानदाराची सवय नाही. गल्ल्याच्या खालच्या खणात ठेवले. वर कुलूप.

२१ मार्च

कामरगावचे दोन पंप जड चालतात अशी तक्रार. मदनसिंग रात्रंदिवस पाइप वर ओढतो, रबर बदलतो, पुन्हा खाली सोडतो. पंधरा दिवसांवर रबर टिकत नाही. मी जाड ट्यूब आणली. अभ्यास किती झाला विचारलं तर नुसता हसला.

५ एप्रिल

महावीर जयंतीची मिरवणूक झाली. शेठजी उद्या घरच्यांना घेऊन शिखरजीच्या यात्रेला निघतात. तिथून पुढची तीर्थं करत दीड महिन्यांनी परत. जाताना सगळ्यांसमोर म्हणाले, "समितीचं भागचंद पाहील. तो नियमाचा पक्का आहे." एवढ्या लोकांत माझं नाव घेतलं.

१६ एप्रिल

कामरगावचे चार जण दुकानात आले आणि पाटी काउंटरवर ठेवून गेले. ज्वारी परत मागितली नाही, तेवढी त्यांची सभ्यता. एक जण म्हणाला, "आदी चांगला चालत होता जी. तुमी काहून बदललं?" मी त्याला तांत्रिक कारण सांगितलं.

मदनसिंगची प्रॅक्टिकलची परीक्षा बुडाली. त्या दिवशी तो एका गावात पाइपला लटकलेला होता, रॉड तुटून खाली पडला होता. मला वाईट वाटलं. पण धंद्यात पहिलं वर्ष असंच जातं, हे मी त्याला सांगितलं.

२ मे

ऊन असं की दुकानातल्या पहारीला हात लावता येत नाही. मदनसिंग दुपारी चालत आला, सायकल पंक्चर. त्याच्या तांड्याचा पंप बंद पडला. मागच्या महिन्याभरात तिसऱ्यांदा.

पाणी प्याला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, थ्या कागदातला एक वायसर द्या."

मी म्हटलं, "अरे, तू नियम घेतला आहेस."

"म्हनूनच मांगाले आलो. घ्यायचाच असता तर चांभाराकडून कापून घेतला असता. नियम सोडवून द्या. एका पंपापुरता. आमच्या तांड्यावर बाया पुन्हा इहिरीत उतरून राह्यल्या."

मी सांगितलं की नियम शेठजींनी दिला, तो शेठजीच सोडवतील. ते यायला तीन आठवडे आहेत. मला तो अधिकार नाही. त्याने वाद घातला नाही. थोडा वेळ गल्ल्याकडे पाहत राहिला. मग रबराचे नवे चार गोल घेऊन गेला.

मी ठाम राहू शकलो याचं समाधान वाटलं. असल्या वेळीच माणसाची परीक्षा होते.

९ मे

पुन्हा आला. नवे रबर पाच दिवस चालले. या खेपेस सोबत बाप होता. सोमलाला नीट मराठी बोलता येत नाही, तो नुसता पगडी हातात घेऊन उभा राहिला. एवढ्या वयाच्या माणसाने माझ्यापुढे डोक्यावरचं काढावं, मला अवघडल्यासारखं झालं. मी खुर्ची दिली. बसला नाही.

मदनसिंग म्हणाला, "तुमी नुसतं म्हना का सोडवला. तुमी चिटनीस हा. मी मानीन."

मी दौलतरावाकडे गेलो, सल्लागार म्हणून. तो पंख्याखाली झोपला होता. उठून म्हणाला, "देऊन टाक ना यार पाकीट. इथं कोन पाहून राह्यलं?" बघा, हे वकील. कोणी पाहत नसेल तर नियम मोडायचा. मी त्याला चार शब्द सुनावले. तो पुन्हा आडवा झाला आणि म्हणाला, "मंग मले उठवलं कायले?"

परत येऊन मदनसिंगला सांगितलं, शेठजी येईपर्यंत थांबायचं. पंचायत समितीला अर्ज लिहून दिला, मी स्वतः, सुवाच्य अक्षरात. दोघंही निघून गेले.

कंचनबाईने आतून सगळं ऐकलं होतं. जेवताना तिने वाढलं. शेवटी म्हणाली, "किल्ली कुठी ठेवता तुमी गल्ल्याची?" मी विचारलं, का? तर म्हणाली, "असंच." किल्ली मी जानव्यासारखी गळ्यात घालून ठेवली आहे.

१६ मे

मानोऱ्याच्या एस.टी.चा कंडक्टर ओळखीचा आहे. त्याने दुकानाच्या दारातूनच सांगितलं. राठोडच्या तांड्यावर काल सकाळी एक पोरगी विहिरीत पडली. वर काढली तेव्हा गेली होती.

मी विचारलं, कोणाची?

तुमच्या पंपवाल्याची बहीण, म्हणाला.

१७ मे

पहिल्या गाडीने गेलो. गळ्यातली किल्ली, गल्ला, कागदाचं पुडकं, सगळं सकाळी कसं केलं ते आठवत नाही. कंचनबाईने एरंडेलाची बाटली माझ्या पिशवीत ठेवली. मानोऱ्यापासून पायी. त्या रस्त्याला या खेपेस पुष्कळ ओळखीचे भेटले.

तिला पुरून झालं होतं. सोमला झोपडीच्या सावलीला भिंतीकडे तोंड करून बसला होता. मदनसिंग पंपापाशी होता. तिवई लागलेली, पाइप सगळे वर काढून जमिनीवर ओळीने ठेवलेले, सिलिंडर उघडं. मी येईन हे त्याला ठाऊक असावं, किंवा नसावं.

मी पुडकं पुढे केलं.

"शेठजी आले का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मंग नियम कोनं सोडवला?"

मी पुडक्याचा दोरा सोडला. तो म्हणाला, "मी हात नाई लावनार. आन घेतली हाये. तुमी बसवा."

मग त्याने सांगितलं आणि मी केलं. बाटलीतलं एरंडेल वाटीत ओतून वायसर त्यात बुडवला. बोटांनी चोळून चोळून नरम केला. जन्मात पहिल्यांदा चामडं हातात घेतलं. ओलं, गुळगुळीत, आणि काही वेळाने नुसतं एक सामान. रॉडवर चढवला, नट आवळला. "अजून आवळा," तो म्हणाला. "आता बस." त्याचा आवाज जानेवारीत म्हाताऱ्यांना समजावत होता तसाच शांत होता. पाइप खाली सोडताना दोर धरायला तांड्यावरचे लोक आले. मी मध्ये उभा होतो.

पंधराव्या दांड्याला पाणी आलं. एका म्हातारीने घागर लावली, ती भरली, दुसरीने लावली. मला कोणी पाणी विचारलं नाही. मी मागितलंही नाही.

विचारू नये ते मी विचारलं, ती पडली कशी? मदनसिंग पाने पुसत होता. "खालच्या दगडावर डबकं होतं, थ्यातून वाटीनं भरत होती. घागर भरून वर चढली. मंग काय झालं कोनं पाह्यलं नाई." आणि मग म्हणाला, "तुमची गोष्ट तिनं साऱ्या तांड्यात सांगतली होती. जीव परत सोडून द्याची. पोट्ट्याईले जमा करून करून सांगे. लय हासत."

हत्यारं त्याने मोजून पोत्यात बांधली आणि माझ्या पायाशी ठेवली. समितीची आहेत, म्हणाला. पोतं जड होतं. मानोऱ्यापर्यंत त्यानेच सायकलवर आणून दिलं.

२६ मे

शेठजी काल परतले. आज मी भेटायला गेलो. प्रसाद दिला, शिखरजीच्या पायऱ्या म्हातारपणी कशा चढलो ते सांगितलं. मग समितीचं विचारलं. मी सगळं सांगितलं. दोन मेला तो आला ते, नऊ मेला बापाने पगडी काढली ते, पुडकं गल्ल्यात होतं तेही. काही ठेवलं नाही.

शेठजींनी चष्मा काढला. डोळे पुसले. मग विचारलं, "त्यानं नियम मोडला?"

"नाही, शेठजी. त्याने नाही मोडला. वायसर मी बसवला."

"पोरगं सोनं आहे," ते म्हणाले. "पुढच्या संमेलनात त्याचा सत्कार करू. शाल, श्रीफळ. मानपत्र तू लिही." मी मान हलवली. मी उठलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं. माझ्याकडे न पाहता, हळू आवाजात म्हणाले, "पन भागचंद, जिवावर बेतलं तर नियमाले सूट असते. आपल्यात लहान लेकराले सुदा माहीत असते हे. माह्यासाठी थांबाची काय गरज होती? तुले माहीत नव्हतं का?"

मी म्हटलं, "ध्यानात आलं नाही, शेठजी."

त्यांनी ते मानलं. पाठीवर हात ठेवला, मदनसिंगच्या ठेवला होता तसाच.

घरी येऊन मानपत्राचा कागद पुढे घेतला आहे. कंचनबाई दोनदा जेवायला बोलावून गेली. दौलतरावाकडून आलो त्या दिवशीही माझ्या ध्यानात होतं. बाप पगडी हातात घेऊन उभा होता तेव्हाही होतं. शेठजींनी सगळ्यांसमोर मला पक्का म्हटलं होतं, ते मला जपायचं होतं. हे मी कोणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहितो. मला माहीत होतं.